सोयाबीनसाठी हार्वेस्टर घेताय? मग कंपन्यांची तुलना अशी करा

हार्वेस्टर कोणता घ्यावा असं विचारलं की जो तो स्वतःच्या दारात उभ्या असलेल्या मशीनचंच नाव सांगतो, त्यामुळं कंपनी राहू द्या बाजूला, आधी आपलं पीक अन् जमीन बघा. भंडारा-गोंदियाकडं धानाच्या बांधीत ओल असते, तिथं कुबोटा डीसी ६८ सारखा चेनवाला, म्हणजे चाकांऐवजी रबरी पट्ट्यावर चालणारा हार्वेस्टर कामाचा, टायरवाला फसतो. पण तोच चेनवाला गावोगाव भाड्यानं फिरवायचा म्हटलं तर रस्त्यानं न्यायला ट्रेलर लागतो, अन् कडक जमिनीवर रबरी पट्टा झिजतो, तो खर्च आधीच धरून चाला.

आपल्याकडं सोयाबीन, हरभरा, गहू. त्यात भादसनचा कर्तार, नाभ्याचा प्रीत ही पंजाबची मशीनं सगळीकडं दिसतात, पुढं पीक कापणारा १४ फुटी कटर, बहुतेकांना अशोक लेलँडचं इंजिन, म्हणजे कुठलाही ट्रकवाला मिस्त्री खोलतो. जॉन डिअर डब्ल्यू ७०, न्यू हॉलंड टीसी ५.३० बघत असाल तर शोरूम किती चकाचक आहे ते जाऊ द्या, दिवाळीच्या तोंडावर बेल्ट तुटला तर पार्ट किती तासात मिळतो ते विचारा, अन् शोरूमवाल्याला नाही, ज्यानं दोन सीझन मशीन चालवलंय त्याला विचारा. ट्रॅक्टरवर बसवायचा हार्वेस्टर (कंबाईन) स्वस्त पडतो पण ट्रॅक्टर सगळा सीझन त्यातच अडकतो अन् इकडं रब्बीची पेरणी खोळंबते.

आता खरी परीक्षा. डेमो आपल्याच वावरात घ्या, दव उडाल्यावर, अकरानंतर. सोयाबीनच्या शेंगा पार खाली असतात, त्यामुळं जमिनीच्या चढउताराप्रमाणं वरखाली होणारा कटर आहे का ते बघा, नाहीतर एकतर शेंगा राहतात नाहीतर माती टाकीत जाते, अन् माती लागलेल्या मालाचा भाव व्यापारी लगेच पाडतो. मशीन पीक कापता कापता मध्येच थांबवून दहा-बारा फूट मागं घ्यायला लावा. उभ्या पिकाच्या पुढ्यात जी मोकळी जागा दिसते तिथले दाणे कटरनं सांडलेले, अन् मशीनच्या मागं कुटाराखाली जास्तीचे सापडले ते मळणीच्या ड्रममधून अन् चाळणीतून उडालेले. कापायच्या आधीच शेंगा फुटून पडलेले दाणे उभ्या पिकात मोजून वजा करा, उगाच मशीनला दोष नको. एका चौरस मीटरमध्ये ४० दाणे निघाले, १०० दाण्यांचं वजन ११ ग्रॅम धरलं, तर एकरी जवळपास १८ किलो मातीत गेलं!

मग टाकीतलं मूठभर सोयाबीन हातावर घ्या, डाळ किती पडलीय, म्हणजे दाणे किती फुटलेत ते बघा. डाळ जास्त दिसली तर ड्रमचा वेग कमी करायला सांगा, बरेच ऑपरेटर गव्हाचीच सेटिंग ठेवून सोयाबीनमध्ये घुसतात. वेग बदलायला किती वेळ लागतो तेही तिथंच कळतं. घरचं बियाणं ठेवायचं असेल तर तेवढा तुकडा मी तरी हार्वेस्टरला देत नाही, सोयाबीनचं साल पातळ, मार बसला की उगवण गेली.

सबसिडीवर घेणार असाल तर सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायच्या आधी त्या मॉडेलचा बुदनी (मध्य प्रदेश) किंवा हिसारच्या (हरियाणा) सरकारी यंत्र-तपासणी केंद्राचा टेस्ट रिपोर्ट डीलरकडं मागा, डिझेल किती खातं अन् दाणा किती फुटतो ते त्यात लिहिलेलं असतं. डीलर टाळाटाळ करायला लागला तर सरळ दुसऱ्याकडं जा.