तेरीज जुळवण्याची घाई आणि हिशेबातील इतर चुका

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षातील मुलांच्या वह्यांत एक चूक मला सर्वाधिक खटकते. तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) बाक्यांची यादी, जुळली नाही की ती मुले फरक सस्पेन्स खात्यात, म्हणजे कारण न सापडलेल्या रकमेच्या तात्पुरत्या खात्यात, टाकतात आणि ताळेबंदाकडे वळतात. बेळगावातील शहापूरच्या एका साडी व्यापाऱ्याचे हिशेब लिहिण्यासाठी आमच्याकडे आलेल्या शिकाऊ मुलाने नेमके हेच केले. नावेची बाजू २,७४० रुपयांनी जास्त भरताच त्याने तेवढी रक्कम सस्पेन्स खात्यात जमा दाखवली आणि काम संपल्याचे सांगितले.

फरकाला ९ ने भाग जात असेल, तर ५,४०० चे ४,५०० अशी अंकांची अदलाबदल झाली आहे का, हे मी आधी पाहतो. येथे भाग जात नव्हता, म्हणून त्याला फरकाची निम्मी रक्कम, म्हणजे १,३७० रुपये, किर्दीत (रोजच्या नोंदींच्या वहीत) शोधायला लावली, कारण रक्कम चुकीच्या बाजूला पडली की फरक तिच्या दुप्पट येतो. विणकराला परत केलेल्या सदोष साड्यांची ती रक्कम निघाली. विणकराच्या खात्यावर ती बरोबर नावे पडली होती, परंतु खरेदी परत खात्यावर जमेऐवजी तीही नावेच लिहिली गेली होती, त्यामुळे व्यापाऱ्याचा नफा २,७४० रुपयांनी कमी दिसत होता.

संगणकावर नोंद एकतर्फी होत नसल्याने तेरीज आपोआप जुळते, हे खरे आहे. परंतु यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या खात्यात गेला, तर नोंद चुकूनही तेथे ती जुळतेच. म्हणून किमान एक वर्ष हाताने खतावणी, म्हणजे किर्दीतील नोंदी खात्यांवर उतरवण्याचे काम, केल्याशिवाय संगणकाला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक पानाखाली पेन्सिलीने बेरीज मांडण्याची सवयही तेव्हाच लागते.

आपल्या सीमाभागातील दुसरी चूक जीएसटीची आहे. कर्नाटकातील निपाणीच्या दुकानदाराला कोल्हापूर हाकेच्या अंतरावर आणि बेंगळुरू दूर असले, तरी कर अंतरावर नव्हे, राज्यावर ठरतो. कोल्हापूरहून निपाणीला आलेल्या मालावर आयजीएसटी (आंतरराज्य कर) लागतो, तर बेंगळुरूहून आलेल्या मालावर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) लागतो. मुले मात्र बिल न वाचताच कराचे दोन समान भाग करतात. शिवाय इनपुट क्रेडिट मिळणारा, म्हणजे विक्रीवरील करातून वजा करता येणारा, खरेदीवरील कर खरेदीत मिळवून खर्च फुगवतात. बिलावरील दोन्ही जीएसटी क्रमांकांचे पहिले दोन अंक वाचावेत, २९ म्हणजे कर्नाटक आणि २७ म्हणजे महाराष्ट्र.

बँकेचे विवरण पाहून नावे-जमा पाठ करू नये, कारण ती नोंद बँकेच्या वहीतील असते आणि आपल्या वहीत ती उलट बाजूला येते. मालकाने घरखर्चासाठी काढलेली रक्कम उचल खात्यात जावी, धंद्याच्या खर्चात नव्हे.

अर्थशास्त्रात मागणीचा गोंधळ नेहमीचाच आहे. रताळ्यांचा भाव उतरला म्हणून लोकांनी जास्त घेतली, तर आपण त्याच मागणी वक्रावर, म्हणजे भाव आणि मागणीचा संबंध दाखवणाऱ्या रेषेवर, खाली सरकतो. महाशिवरात्रीच्या उपवासासाठी त्याच भावाला जास्त घेतली, तर वक्रच उजवीकडे सरकतो. तसेच खडे बाजारात स्वतःच्या जागेत दुकान असलेल्याच्या वहीत भाडे येत नाही, तरी ती जागा दुसऱ्याला दिली असती तर मिळाले असते ते भाडे आर्थिक नफा काढताना वजा करावे लागते.