घरी मराठी, वर्गात इंग्रजी
बडोद्यात घरी मराठी आणि गल्लीत गुजराती बोलणारे मूल इंग्रजी माध्यमाच्या वर्गात सुरुवातीला गप्प राहिले, तर त्याला सर्वांसमोर उभे करून उत्तर मागू नये. बाष्पीभवन शिकवायचे असल्यास आदल्या दिवशी पाच-सहा शब्द चित्रांसह द्यावेत, दांडिया बाजारातल्या गच्चीवर कपडे कसे वाळतात हे त्याला आधी मराठीतच सांगू द्यावे आणि मग ‘द वॉटर टर्न्स इनटू...’ असे अर्धे वाक्य फळ्यावर लिहून पूर्ण करवून घ्यावे. गणितात आकडेमोड चुकली की प्रश्नच कळला नाही, हे तपासावे. बोलण्यापुरते इंग्रजी साधारण दोन वर्षांत जमते, अभ्यासाच्या भाषेला मात्र पाच ते सात वर्षे लागतात, असे द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवले आहे; तोवर समजून घ्यायला घरच्या मराठीचाच आधार असतो, म्हणून ‘घरीही इंग्रजीच बोला’ हा (दुर्दैवाने लोकप्रिय) सल्ला पालकांना देऊ नये.