थिअरम प्रूव्हरच्या चाचण्यांतील कालबाह्य कॉमेंटची साफसफाई

थिअरम प्रूव्हर म्हणजे गणिती सिद्धता तपासणारा प्रोग्रॅम. त्याच्या चाचणीतील कॉमेंट हे प्रूव्हरच्या वागण्याविषयी केलेले विधान असते, पण प्रूव्हर स्वतः ते कधीच तपासत नाही. शेजारची सिद्धता प्रत्येक नव्या आवृत्तीत पुन्हा तपासली जाते; ‘येथे सिम्प अडकते’ हे वाक्य मात्र सिम्प (पदावली आपोआप सोपी करणारी आज्ञा) सुधारल्यानंतरही तसेच राहते आणि नवा वाचक त्यावर विश्वास ठेवतो.

सुरुवात शोधापासून करावी. टुडू (करायचे आहे) आणि फिक्समी (दुरुस्त करा) या खुणा, तसेच ‘सध्या’, ‘अजून’, ‘तात्पुरते’ अशा अर्थाचे शब्द जेथे आढळतील, तेथे कॉमेंट शिळी असण्याचा संभव अधिक. काढून टाकलेल्या टॅक्टिकांची (सिद्धतेची पायरी पार पाडणाऱ्या आज्ञांची) नावेही शोधावीत: कॉक या प्रूव्हरमधून (आताचे नाव रॉक) पूर्णांकांची गणिते सोडवणारी ओमेगा ही टॅक्टिक ८.१४ आवृत्तीत वगळली गेली आणि तिची जागा लिआ या टॅक्टिकने घेतली, तेव्हा ओमेगाच्या मर्यादा सांगणारी कॉमेंट आता कशाविषयीच बोलत नाही.

यापुढे नुसते वाचून निर्णय घेऊ नये, चाचणी चालवून पाहावी. समजा, लीन या प्रूव्हरच्या एका चाचणीत ‘ग्राइंडला हे अजून सुटत नाही’ असे लिहून खाली सॉरी ठेवले आहे. ग्राइंड ही सिद्धता आपोआप शोधणारी टॅक्टिक, तर सॉरी हा न दिलेल्या सिद्धतेच्या जागी लिहायचा शब्द. सॉरीमुळे केवळ इशारा मिळतो, त्रुटी येत नाही, म्हणून अशी चाचणी वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस न येता राहू शकते. सॉरीच्या जागी ग्राइंड लिहून पाहावे; उदाहरण सुटले तर कॉमेंट आणि सॉरी दोन्ही काढावीत. सुटले नाही, तर तेच अपयश गार्ड-मेसेजेसने (आलेला संदेश अपेक्षित संदेशाशी ताडून पाहणाऱ्या आज्ञेने) नोंदवावे, म्हणजे ज्या दिवशी ते सुटेल त्या दिवशी चाचणीच मोडेल आणि कोणाला आठवण ठेवावी लागणार नाही. रॉकमध्ये हेच काम फेल ही आज्ञा करते; तिच्यापुढची आज्ञा अपयशी ठरली तरच ती समाधानी होते, परंतु लेमाचे (साहाय्यक प्रमेयाचे) नाव चुकले तरीही फेल समाधानी राहते, हे ध्यानात ठेवावे.

लीनमध्ये एका गोष्टीला फार जपावे लागते. गार्ड-मेसेजेसच्या वर असलेला डॉकस्ट्रिंग (आज्ञेला जोडलेला मजकूर) दिसायला कॉमेंटसारखा असला तरी तो अपेक्षित संदेश असतो. तो पुसला तर चाचणीच बदलते. त्याचप्रमाणे अपेक्षित आउटपुटच्या फायलीत ओळींचे क्रमांक असतील, तर वरच्या दोन ओळींची कॉमेंट काढताच खालचे सर्व क्रमांक दोनने सरकतात. अशा वेळी नवे आउटपुट डोळे झाकून स्वीकारू नये. क्रमांकांखेरीज काहीही बदललेले नाही, याची ओळ न् ओळ खात्री करावी.

बगचा क्रमांक सांगणारी कॉमेंट मात्र, तो बग कधीच मिटला असला तरी, राहू द्यावी, कारण ही चाचणी मुळात का लिहिली गेली हे बहुधा तेवढ्याच ओळीतून कळते. ‘हे अजून चालत नाही’ असा मजकूर तिच्यात असेल, तर तेवढाच भाग काढावा.

हे सारे बदल स्वतंत्र कमिटमध्ये (बदलांच्या एका नोंदीत) ठेवावेत आणि सिद्धतांतील फेरफार त्यात मिसळू नयेत.