टर्बो ३५० घरच्या ड्राइव्हवेवर उतरवताना

अमेरिकेत जुनी शेव्हरलेट हौसेने घेतलेल्यांसाठी हे आहे. १९६९ ते १९७२ च्या सुमाराची नोव्हा, शेव्हेल किंवा कॅमारो, पुढे स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन आणि मागे टर्बो-हायड्रामॅटिक ३५०, म्हणजे तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पाना-पकड हातात धरता येते असं धरून चालतो. आधी गाडीखाली डोकावून पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं तबक, बघा. चौकोनी, एक कोपरा कापलेला, तेरा बोल्टचा असेल तर तो ३५०. चौदा बोल्ट असतील तर तो बहुधा दोन गिअरचा पॉवरग्लाइड. इंजिनही ३५० आणि गिअरबॉक्सही ३५०, यावरून नवखे हमखास घोळ घालतात. इंजिनाचा आकडा घनइंचांचा आहे, गिअरबॉक्सच्या नावाशी त्याचा काही संबंध नाही.

आता पहिला प्रश्न: खरंच उतरवायचाय का? एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतोय आणि गिअरबॉक्सचं तेल कमी होतंय, तर गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला मागे असलेल्या व्हॅक्यूम मॉड्युलेटरची नळी काढून बघा. आत लाल तेल दिसलं की मॉड्युलेटरचा पडदा फाटलाय. एक बोल्ट, एक क्लॅम्प, काम संपलं. पहिल्या गिअरमधून पुढे जातच नसेल तर डाव्या बाजूच्या गोल झाकणामागचा गव्हर्नर (वेगानुसार गिअर बदलायला लावणारा भाग) तपासा. तोही गाडीखालीच निघतो. तेल काळं पडून जळका वास येत असेल, रिव्हर्स गेला असेल, किंवा बेलहाऊसिंगच्या (गिअरबॉक्सचा इंजिनाला जोडणारा पुढचा घंटेसारखा भाग) तळातून तेल ठिबकत असेल, तेव्हाच उतरवायची तयारी करा.

पाने इंचांचेच हवेत. भारतात हात बसलेला माणूस सवयीने मिलिमीटरचा संच काढतो. १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसतो खरा, पण सैल बसतो, आणि कूलरच्या नळ्यांचे नट मऊ असतात. एकदा कडा गोल झाल्या की नळीच कापावी लागते. तिथे अर्ध्या इंचाचा फ्लेअर नट पानाच लावा. बाकी बरंचसं काम ९/१६ च्या सॉकेटवर निघतं. एक्झॉस्टच्या बोल्टांवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

गाडी चारही स्टँडवर, समपातळीत. डांबरी ड्राइव्हवेवर स्टँडचे पाय रुततात, म्हणून खाली जाड प्लायवूड. गिअरबॉक्स जॅकवर ठेवल्यावर बेलहाऊसिंगचा माथा गाडीखालून बाहेर सरकला पाहिजे. त्यासाठी वीसेक इंच जागा लागते. आणि ट्रान्समिशन जॅक भाड्याने का होईना, पण आणाच. हा डबा रिकामा साधारण १२० पौंडांचा. कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा पुढचा गोल डबा) आणि त्यातलं तेल धरलं तर आणखी बरंच. छातीवर तोलून उतरवणारे पैलवान व्हिडिओत दिसतात. त्यांचं अनुकरण करू नका. लिफ्टवर उभ्याने काम करणारा "दोन तासांत निघतो" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो; फक्त तुमच्यासारखा पाठीवर पडून डोळ्यांत गंज झेलत नसतो. दोन शनिवार-रविवार मोकळे ठेवा.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. पॅनला बहुधा ड्रेन प्लग नसतो; मागचे बोल्ट काढून, पुढचे सैल करून पॅन तिरका करा. तीन-चार क्वार्टच (क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर) तेल निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये राहतं. ड्राइव्हशाफ्टवर आणि डिफरन्शियलच्या योकवर रंगाने खूण करून शाफ्ट काढा, यू-जॉइंटच्या वाट्यांना टेप गुंडाळा, आणि गिअरबॉक्सच्या शेपटीला (मागच्या टोकाला) लगेच प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने बांधा, नाहीतर उरलंसुरलं तेल तुमच्या बाहीत. मग स्पीडोमीटरची केबल, किकडाऊनची केबल, व्हॅक्यूमची नळी, शिफ्टचा दांडा, डिपस्टिकची नळी, कूलरच्या नळ्या. स्टार्टर ब्लॉकला लागलेला असतो. दोन लांब बोल्ट, पण वजन अंगावर येईल हे लक्षात ठेवूनच सोडा.

बेलहाऊसिंगच्या तळाचं झाकण काढलं की कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या क्रँकला लागलेली पातळ चकती) दिसतात. जोडणारे बोल्ट तीन. क्रँकच्या पुढच्या बोल्टवर सॉकेट लावून इंजिन फिरवत एकेक समोर आणायचा; स्पार्क प्लग काढले तर हाताला हलकं जातं. कोणतं भोक कोणत्या भोकासमोर होतं याची रंगाने खूण करा. तिन्ही निघाले की कन्व्हर्टर मागे, गिअरबॉक्सकडे ढकला. तो हलला पाहिजे. हलत नसेल तर मध्ये गंजून चिकटलेला कन्व्हर्टर हलक्या हाताने सोडवा, पण गिअरबॉक्स ओढायला लागू नका.

इंजिनच्या ऑइल पॅनखाली लाकूड आणि जॅक. क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून पेलणारा आडवा दांडा) निघाला की इंजिन मागे झुकतं, आणि स्मॉल ब्लॉकचा डिस्ट्रिब्युटर नेमका मागेच असतो. टोपी फायरवॉलवर आपटून फुटते. टोपी आधीच काढून ठेवा, रेडिएटरचा पंखा आणि त्याभोवतीचं कवच यांच्यामधली फटही बघत राहा. बेलहाऊसिंगचे वरचे बोल्ट दिसत नाहीत, म्हणून घाबरू नका. शेपटी थोडी खाली आली की दोन-तीन फुटांची एक्स्टेन्शन आणि शेवटी वाकणारा सॉकेट, असं मागून गिअरबॉक्सच्या माथ्यावरून जायचं. सगळे पोचतात. ब्लॉकमधल्या दोन डॉवेल पिनांवर डबा अडकलेला असतो. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सरकवा. कन्व्हर्टर गिअरबॉक्ससोबतच मागे आला पाहिजे. बाहेर येताच बेलहाऊसिंगवर आडवी पट्टी बोल्टने कसा, नाहीतर तोंड खाली झुकताच तो पायावर.

इथे एक मिनिट थांबून जे कराल, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. कन्व्हर्टर मागे पूर्ण दाबा. बेलहाऊसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवा आणि तिथून कन्व्हर्टरच्या बोल्ट पॅडपर्यंतची खोली मोजा. तो आकडा मार्करने केसवरच लिहा. मगच कन्व्हर्टर ओढून काढा.

कारण घरी उतरवलेले गिअरबॉक्स वाया जातात ते उतरवताना नाही, परत बसवताना. कन्व्हर्टरचं बूड (मागचं नळीसारखं टोक) तीन ठिकाणी बसायला हवं: इनपुट शाफ्टच्या दात्यांवर, स्टेटर सपोर्टच्या दात्यांवर, आणि शेवटी पंपाच्या आतल्या गिअरच्या दोन कानांवर. पहिले दोन बसले की बसल्यासारखं वाटतं. वाटण्यावर जाऊ नका. तिसरा राहिलेला असताना बोल्ट आवळले, तर ब्लॉक आणि फ्लेक्सप्लेट कन्व्हर्टरला पंपावर दाबतात आणि पंपाचा गिअर तडकतो. इंजिन सुरू होतं, प्रेशर येत नाही, गाडी जागेवर. पुन्हा सगळं खाली.

बसवायच्या आधी कन्व्हर्टरमध्ये एक क्वार्ट तेल ओता, नव्या पुढच्या सीलच्या ओठाला आणि कन्व्हर्टरच्या बुडाला तेल लावा. गिअरबॉक्स शेपटीवर उभा करून कन्व्हर्टर हलका दाबत उलटसुलट फिरवा. तो टप्प्याटप्प्याने खाली उतरतो. आकडा केसवरच्या आकड्याशी जुळला तरच पुढे. आणि जॅकवर घेऊन वर चढवताना तोंड जरा जरी खाली झुकलं तरी तो पुढे घसरून पंपातून सुटतो, म्हणून इंजिनला भिडवण्याआधी पट्टी लावून पुन्हा मोजा. होय, पुन्हा.

बेलहाऊसिंग हाताच्या जोराने ब्लॉकला टेकलं पाहिजे. फट राहिली तर बोल्टने ओढून मिटवू नका, मागे घ्या. टेकल्यावर सहा बोल्ट ३५ फूट-पौंडांना, आणि आता कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतोय का ते बघा. मागे दाबल्यावर त्याच्या आणि फ्लेक्सप्लेटच्या मध्ये १/८ ते ३/१६ इंच फट असावी. फट नसेलच तर तो बसलेला नाही. कन्व्हर्टरचे तिन्ही बोल्ट टॉर्क रेंचनेच. इम्पॅक्ट गन इथे बाजूला ठेवा.

डबा बाहेर असतानाच पुढची आणि शेपटीची सील, डिपस्टिक नळीची सील, शिफ्टच्या दांड्याची सील आणि फिल्टर बदला, फ्लेक्सप्लेटला मधल्या बोल्टांभोवती तडे नाहीत ना ते बघा. गिअरबॉक्सच्या आतले क्लच जळले म्हणून उतरवला असेल तर रेडिएटरमधला कूलर आणि नळ्या धुऊन काढा, नाहीतर जुना कचरा नव्या गिअरबॉक्सात.

पॅनचे बोल्ट १२ फूट-पौंड, जास्त नाही; पॅन वाकून गळतो. सुरू करण्याआधी चार-पाच क्वार्ट डेक्सरॉन (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) ओता, इंजिन चालू होताच दुसऱ्याला ओतत राहायला सांगा. कन्व्हर्टर रिकामा असेल तर एकूण दहाच्या आसपास लागतं. ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमधून न्या, मग तेल गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये डिपस्टिक बघा.