यूकेतल्या चॅरिटी शॉपमधून चांगला माल कसा निवडायचा

यूकेला शिकायला किंवा नोकरीला नवीन आलं की कोट, भांडी, टेबल-खुर्ची सगळं एकदम लागतं आणि पैसे तर भाडं आणि डिपॉझिटमध्येच गेलेले असतात. अशा वेळी सरळ चॅरिटी शॉप गाठायचं, म्हणजे लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तू विकून सेवाभावी संस्थेसाठी पैसे उभे करणारं दुकान, ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, कॅन्सर रिसर्च यूके, बर्नार्डोज, शिवाय प्रत्येक गावात तिथल्या हॉस्पिसचं (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था) एखादं दुकान असतंच. आपल्याकडे दुसऱ्याचे वापरलेले कपडे म्हटलं की घरचे नाक मुरडतात, पण इथे सगळ्या थरातले लोक बिनधास्त जातात, त्यामुळे संकोच अजिबात नको.

आधी कुठे जायचं ते. लोक सांगतात श्रीमंत एरियात जा, ते अर्धंच खरं आहे, लंडनच्या चेल्सीसारख्या भागात माल भारी येतो पण तिथल्या लोकांना ब्रँडची किंमत नीट माहीत असते आणि टॅगही तसाच लागतो. मला विचाराल तर मध्यमवर्गीय, जुनी वस्ती असलेली उपनगरं बेस्ट. युनिव्हर्सिटीचं गाव असेल तर जून सोडू नका, मुलं हॉल म्हणजे हॉस्टेल रिकामी करतात, नको असलेलं सामान त्यांनी दान करावं यासाठीच हार्ट फाउंडेशनची ‘पॅक फॉर गुड’ मोहीम असते, मग पातेली, ताटल्या, हँगर असलं बरंच दुकानात येतं. आणि नवीन माल कुठल्या दिवशी लावतात हे काउंटरवर विचारून घ्या, प्रत्येक दुकानाचं वेगळं असतं, सांगतात ते आनंदाने.

आता कोट. ब्रँड नंतर बघा, आधी आतल्या शिवणीवरचं लेबल शोधा. वूल ७०-८० टक्क्यांच्या वर असेल तर थंडीत कामाला येतो, नुसतं पॉलिएस्टर असेल आणि किंमत नव्या स्वस्त कोटाच्या जवळपास असेल तर ठेवून द्या. मग कोट खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरायचा, कसरीनं खाल्लेली बारीक भोकं तेव्हाच दिसतात, रॅकवर लटकताना नाही दिसत. काखेतलं अस्तर, खिशांचे कोपरे, चेन पूर्ण वरखाली करून, कॉलरची आतली बाजू, एवढं बघायचंच. बटण तुटलेलं चालतं, अस्तर उसवलं असेल तर तेही सुईदोऱ्यानं होतं, पण चेन गेलेली असेल तर बदलायला कोटापेक्षा जास्त पैसे जाऊ शकतात. ‘सेंट मायकल’ असं लेबल दिसलं तर थांबा, तो मार्क्स अँड स्पेन्सरचा जुना ब्रँड, २००० साली त्यांनी बंद केला, म्हणजे कपडा बहुधा पंचवीसेक वर्षं टिकून आलाय, फक्त साइजच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, जुन्या साइज लहान असतात, अंगात घालूनच बघा. लोकरीचं काहीही घरी आणलं की पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवायचं, कसरीची अंडी मरतात, आणि मगच बाकीच्या कपड्यांत मिसळायचं.

भांड्यांत माझा जीव बिडाच्या पॅनमध्ये. पॅनकेकसाठीचा सपाट पॅन मिळाला तर पोळ्यांना झकास तवा होतो. वर गंज असला तरी घाबरू नका, घासून तेल लावून तापवला की निघतो, पण पॅन उलटा करून बोटाच्या पेरानं टकटक करा, खणखणीत वाजला तर घ्या, बद्द आवाज आला तर तडा असण्याची शक्यता आहे. घरी इंडक्शन असेल तर पर्समध्ये एक छोटं मॅग्नेट ठेवा, बुडाला चिकटलं तरच ते भांडं तुमच्या कामाचं. आतलं इनॅमल उडालेलं असेल तर नको, आणि जुनी रंगीत नक्षीची ताटं जेवायला वापरू नका, रंगात शिसं असू शकतं.

सोफा किंवा गादीवाली खुर्ची घेताना गादीखाली किंवा तळाशी शिवलेलं फायर लेबल (आगीच्या सुरक्षेचे नियम पाळल्याचं) बघा, १९८८च्या नियमांपासून ते लागतंच, लेबल नसेल तर चांगली दुकानं तो माल घेतच नाहीत. इलेक्ट्रिकच्या वस्तूवर टेस्ट केल्याचं स्टिकर हवं. खेळण्यावर सीई किंवा यूकेसीए ही सुरक्षा-नियम पाळल्याची खूण हवी. मुलांची कार सीट आणि सायकलचं हेल्मेट मात्र कितीही स्वस्त मिळालं तरी जुनं घ्यायचं नाही, आधी अपघातात आपटलंय का ते बाहेरून कळत नाही.

घासाघीस करू नका प्लीज. तिथे बसलेले बहुतेक जण बिनपगारी काम करतात आणि येणारा पैसा संस्थेच्या कामाला जातो. टॅगवर न लिहिलेला डाग किंवा तडा दिसला तर तो दाखवून ‘किंमत कमी होईल का’ एवढं नम्रपणे विचारणं वेगळं, ते चालतं. पावती जपून ठेवा, दुकानानं आधी न सांगितलेला दोष निघाला तर २०१५च्या ग्राहक कायद्यानं ३० दिवसांत परत करता येतं, चॅरिटी शॉपलाही तो लागू आहे.

आणि परत जाताना किंवा घर बदलताना आपलंही सामान तिथेच द्या. तुम्ही इथे पुरेसा टॅक्स भरत असाल तर गिफ्ट एडचा फॉर्म भरा, वस्तू विकून आलेल्या प्रत्येक पाउंडावर संस्थेला सरकारकडून २५ पेन्स जास्तीचे मिळतात.