फुलबागेतील तुंबलेले चर आजच मोकळे करा

गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि सत्तरी-सांगेच्या डोंगरपायथ्याशी त्याहूनही अधिक. मे महिन्यात बहुतेक शेतकरी फुलबागेत चर खणतात. मात्र पहिल्या काही मुसळधार सरींतच वाफ्याची माती, पाला आणि गवत वाहून येऊन ते बुजतात, आणि त्यानंतर तिकडे कोणी फिरकत नाही. फोंड्यापासून पेडण्यापर्यंत अबोली आणि झेंडूचे जे वाफे मी ऐन पावसाळ्यात बसलेले पाहिले, त्यांतील बहुतेकांच्या नासाडीचे कारण हे बुजलेले चरच होते.

साचलेले पाणी मातीतील हवेची जागा घेते, मुळे गुदमरून काळी पडतात आणि मर रोगाच्या बुरशीला वाट मोकळी होते. अबोलीची मुळे सूत्रकृमींनी (मातीतील अतिसूक्ष्म कृमींनी) आधीच पोखरलेली असतील, तर ही मर फार वेगाने पसरते. वरून मात्र केवळ पिवळी पाने दिसतात, आणि ती पाहून दुकानदार फुलधारणेचे महागडे टॉनिक किंवा युरिया हाती देतो. सडलेले मूळ खत उचलू शकत नाही. तो सगळा पैसा व्हाळात (ओढ्यात) वाहून जातो. बाटली घेण्यापूर्वी एक पिवळे झाड उपटून पाहावे: मुळाची साल बोटांनी सहज सुटत असेल, तर प्रथम कुदळ उचलावी.

चर वाफ्याच्या तळापेक्षा खोल असावा, त्याला उतार असावा आणि त्याचे तोंड मेरेपलीकडे (बांधापलीकडे) उघडे असावे. गादीवाफा किमान 30 सेंटिमीटर उंच ठेवावा. जोराचा पाऊस ओसरल्यावर दोन तासांनी बागेत फेरी मारावी आणि जेथे पाणी दिसेल तेथे तत्काळ वाट काढावी. चरातील पाण्यावर तांबूस तवंग धरू लागला, की ते पाणी बरेच दिवस हललेले नाही असे मी समजतो. ही शिफारस कोणत्याही पत्रकात नाही, पण आपल्या जांभ्या जमिनीत ती खूण मला सहसा फसवत नाही.

पाणी निघाल्यानंतरच औषधाचा विचार करावा. रोगट झाडे मुळासकट काढून नष्ट करावीत आणि शेजारच्या झाडांच्या बुंध्याशी कॉपर ऑक्सिक्लोराइड 2.5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून ओतावे. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी) हेक्टरी 2.5 किलो, कुजलेल्या शेणखतात मिसळून द्यावे. मात्र तांबेयुक्त औषधानंतर किमान 15 दिवसांनी. चर तुंबलेला असताना यांपैकी काहीही दिले तरी उपयोग होत नाही.

हंगामातील इतर कामे:

झेंडू: 25 ते 30 दिवसांची रोपे, 60 × 45 सेंटिमीटर अंतर; दसऱ्यासाठी पुनर्लागण ऑगस्टच्या आरंभी.
शेवंती: शेंडे खुडणे, काठीचा आधार.
अबोली: तण काढणे, सुकलेली कणसे छाटणे.
मोगरा: नोव्हेंबरअखेर छाटणी, उन्हाळ्यात फुले.
जाई: हिवाळ्यात छाटणी.

एवढे सांभाळले तर पावसात जाई आणि तगर, दसरा-दिवाळीला झेंडू, थंडीत शेवंती, उन्हाळ्यात मोगरा आणि अधूनमधून वर्षभर अबोली, असा फुलांचा क्रम लागतो. मार्दोळला म्हाळसा देवीच्या जायांच्या पूजेला लागणारी जाई ऐन पावसात फुलते, म्हणून तिच्या वेलांभोवती आळे करून ठेवण्याची उन्हाळी सवय जूनमध्येच मोडावी आणि बुंध्याशी मातीचा उंचवटा द्यावा.

चतुर्थीच्या आठवड्यात घरची माणसे पाहुण्यांत गुंतलेली असतात आणि चर नेमके तेव्हाच दुर्लक्षित राहतात. माटोळीचे (गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या मंडपीचे) सामान गोळा करायला निघण्यापूर्वी एकदा सगळ्या चरांतून कुदळ फिरवून घ्यावी.