एफ५ दाबण्याआधीची तयारी

चवथीच्या सुट्टीत सी प्लस प्लसचा प्रोजेक्ट गावी नेऊन पूर्ण करायचा असेल, तर व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरमधली बिल्ड (कोडपासून प्रोग्राम बनवणे) आणि डीबगची (प्रोग्राम थांबवत चुका शोधणे) जोडणी फोंड्यात किंवा मडगावात, नेट चांगले मिळते तिथेच, उरकून घ्यावी. सत्तरी-काणकोणच्या वाड्यांवर कंपायलर उतरवत बसणे फार जिकिरीचे होते. या एडिटरसोबत कंपायलर येत नाही, म्हणून जीसीसी (कंपायलर), जीडीबी (डीबगर) आणि सी प्लस प्लसचे एक्स्टेन्शन ही तिन्ही आधी बसवावीत. विंडोजवर पाथ (प्रोग्राम शोधण्याच्या फोल्डरांची यादी) बदलला असेल, तर एडिटर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा.

त्यानंतर टास्क (एडिटरने आपोआप चालवायची आज्ञा) लिहिण्याची घाई न करता कंपाइलची आज्ञा एकदा टर्मिनलमध्ये हाताने चालवून पाहावी, कारण जे हाताने चालत नाही ते आपोआपही चालणार नाही. त्या आज्ञेत ‘डॅश जी’ असलाच पाहिजे; तो नसेल, तर डीबगरला कोडच्या ओळी कळत नाहीत आणि ब्रेकपॉइंटवर (थांबण्यासाठी खूण केलेल्या ओळीवर) प्रोग्राम थांबत नाही. ऑप्टिमायझेशनही (प्रोग्राम वेगवान करण्यासाठी कंपायलर करतो ते बदल) बंद ठेवावे.

आता तीच आज्ञा टास्कच्या फाइलमध्ये उतरवावी, प्रत्येक आर्ग्युमेंट वेगळ्या अवतरणात ठेवावे आणि हा टास्क डीफॉल्ट बिल्ड म्हणून नेमावा, म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-बी दाबताच तो चालतो. जीसीसीचा प्रॉब्लेम मॅचर (कंपायलरचे चूकसंदेश ओळखणारा नियम) लावल्यास चुका प्रॉब्लेम्सच्या खिडकीत येतात आणि क्लिक करताच नेमकी ओळ उघडते. सर्वांत जास्त लक्ष मात्र दोन फाइलींमधल्या नावांकडे द्यावे. टास्कचे लेबल आणि लाँचच्या फाइलमधला (डीबग कसे सुरू करायचे ते सांगणाऱ्या) प्री-लाँच टास्क (डीबगआधी चालणारा) ही नावे अक्षरशः एकच हवीत, एका स्पेसचाही फरक चालत नाही. तसेच कंपायलर ज्या जागी प्रोग्राम तयार करतो, तोच पत्ता डीबगरला दिलेला असावा. हा पत्ता चुकला आणि त्या जागी आधीचा प्रोग्राम पडून असला, तर तोच चालतो, कोड कितीही बदलला तरी उत्तर जुनेच येते, आणि विद्यार्थी तासन्‌तास निर्दोष लॉजिक तपासत बसतो.

फोल्डरच्या नावात स्पेस किंवा देवनागरी अक्षरे नसावीत. विंडोजवर जीडीबी अशा पत्त्यांवर अडखळू शकतो. फाइली वाढल्या, तर टास्कमधून नुसता मेक बोलवावा. 1976 पासूनचे हे साधन वेळेचे शिक्के पाहून फक्त बदललेल्याच फाइली पुन्हा कंपाइल करते. मेकच्या फाइलमधल्या नियमाखालची आज्ञा मात्र टॅबनेच सुरू व्हावी लागते.

शेवटची तपासणी म्हणून एक अर्धविराम मुद्दाम काढून एफ५ (डीबग सुरू करण्याची कळ) दाबावे. बिल्ड अडली, चूक दिसली आणि डीबगर पुढे गेला नाही, तर साखळी बरोबर जुळली आहे. मग अर्धविराम परत घालावा, स्वतःच्या लॅपटॉपचे पूर्ण पत्ते काढून त्यांच्या जागी वर्कस्पेस फोल्डरचे (उघडलेल्या प्रोजेक्टच्या फोल्डरचा पत्ता देणारे) व्हेरिएबल लिहावे, आणि टास्क व लाँचच्या दोन्ही फाइली गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) टाकाव्यात, म्हणजे पेडण्यातल्या जोडीदाराला हेच सगळे पुन्हा लिहावे लागणार नाही.